९.८ येईपर्यंत: शाळेच्या प्रयोगशाळेत मूल नेमकं काय शिकतं?

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलांचा गठ्ठा समोर घ्या आणि साध्या दोलकाचं पान काढा. दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा, स्टॉपवॉच, मीटरपट्टी, रीडिंगचा तक्ता आणि खाली चौकटीत उत्तर: गुरुत्व त्वरण, म्हणजे वर्गातला ‘जी’, ९.८. पुढच्या जर्नलात ९.८. त्याच्या पुढच्यात ९.८१. एखाद्याने ९.७८ लिहिलेलं असतं, तेही बहुतेक वेळा सगळ्यांसारखंच दिसू नये म्हणून. दोरे वेगळे, हात वेगळे, कुणाच्या स्टॉपवॉचचं बटण अडकणारं. उत्तर मात्र सगळ्या वर्गाचं एक.

गंमत अशी की ९.८१ हा आकडा आपल्याकडचा नाहीच. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, त्यामुळे ‘जी’ सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो ९.७८ च्या आसपास असतो, ध्रुवांवर ९.८३. ९.८१ ही लंडनच्या आसपासची किंमत. मुंबईत ती ९.७९ भरते. म्हणजे दादरच्या प्रयोगशाळेत बसून मुलं इमानेइतबारे लंडनचं उत्तर लिहितात आणि त्याला पूर्ण मार्कही मिळतात.

यात मुलांना दोष देण्यात काही अर्थ नाही. उत्तर कोणतं हवं हे त्यांना आधीच ठाऊक असतं, पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका असते, एका टेबलाभोवती आठ-दहा जण असतात, आणि जर्नल सर्टिफाय व्हायला हवं असतं. मग उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग ‘बसवायची’ ही युक्ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे आपोआप जाते. प्रश्न असा आहे की असा प्रयोग केला काय आणि न केला काय, मुलाच्या डोक्यात काय फरक पडला? आणि खरोखर केला असता तर काय पडला असता?

हे समजून घ्यायला तोच दोलकाचा प्रयोग जरा हळू करून पाहू.

समजा, एका मुलीने दोलकाची लांबी एक मीटर ठेवली. अशा दोलकाला जाऊन परत यायला, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला, दोन सेकंदांपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. तिने एकच आंदोलन मोजलं. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाचा सहज ०.२ सेकंद इकडेतिकडे होतो. दोन सेकंदांत ०.२ सेकंद म्हणजे दहा टक्के. सूत्रात वेळेचा वर्ग येतो, म्हणून ‘जी’मध्ये ही चूक जवळपास दुप्पट होते. तिचं उत्तर आठपासून बारापर्यंत कुठेही येऊ शकतं.

आता तिने वीस आंदोलनं मोजली. चाळीस सेकंद झाले. बोटाची चूक मात्र तेवढीच, ०.२ सेकंद, कारण बटण दोनदाच दाबलं. आता ती अर्धा टक्का उरली, आणि उत्तर एका टक्क्यात आलं. प्रयोगाच्या कृतीत ‘वीस आंदोलनांचा काळ मोजा’ असं छापलेलं असतं. का, ते बहुधा छापलेलं नसतं. एकदा एक आंदोलन मोजून आणि मग वीस मोजून पाहिलेल्या मुलीला ते सांगावं लागत नाही.

पुढे आणखी मजा आहे. वीस मोजूनही तिचं उत्तर १०.८ आलं, आणि तीनदा केलं तरी १०.८ च्या आसपासच आलं. इथे बहुतेक वर्गांत ‘परत कर’ किंवा ‘शेजारच्याचं बघ’ असं म्हटलं जातं. पण १०.८ हा आकडा बोलका आहे. गोळा सोडताना तिने ‘एक’ म्हटलं असणार. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं असतं. ‘एक’पासून ‘वीस’पर्यंत तिने प्रत्यक्षात एकोणीसच आंदोलनं मोजली आणि भागलं मात्र विसाने. वीस भागिले एकोणीस, त्याचा वर्ग, गुणिले ९.७९. करून पाहा, १०.८५ येतात.

उत्तर ९.७ आलं तर? मग लांबी पाहायची. दोलकाची लांबी दोरा जिथून टांगला तिथपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. तिने गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली आणि गोळा दोन सेंटिमीटर व्यासाचा असेल, तर मीटरमागे एक सेंटिमीटर कमी पडला आणि ‘जी’ एक टक्क्याने घटला. आणि ९.५ आलं तर तिने गोळा बराच लांब खेचून सोडला असण्याची शक्यता आहे. दोलकाचं नेहमीचं सूत्र लहान कोनापुरतं आहे. तीस अंशांवरून सोडलं की आंदोलनाचा काळ जवळजवळ पावणेदोन टक्क्यांनी वाढतो.

अर्थात, खऱ्या टेबलावर या चुका एकेकट्या येत नाहीत, दोन-तीन मिळून येतात आणि कधी एकमेकींना झाकतातही. त्यासाठी शास्त्रज्ञांनी एक सुंदर वाट काढली आहे, आणि ती शाळेच्या आलेखाच्या कागदावर करता येते. दोलकाची लांबी पाच-सहा वेळा बदलायची, दर वेळी काळ मोजायचा आणि लांबीविरुद्ध काळाचा वर्ग असा आलेख काढायचा. सरळ रेषा येते. गोळ्याची त्रिज्या धरायची राहून गेली असेल तर ती रेषा आरंभबिंदूतून न जाता थोडी बाजूला सरकते, पण तिचा उतार तोच राहतो. ‘जी’ उतारावरून काढला की लांबीतली ती चूक उत्तरात उतरतच नाही. वर, रेषा किती सरकली यावरून त्रिज्येचा अंदाजही मिळतो. ‘आलेख कशाला काढायचा, सूत्रात किमती घातल्या की झालं’ असं म्हणणाऱ्या मुलाला आलेखाचं महत्त्व पटवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या सगळ्यात मुलीने काय शिकलं? ‘जी’ची किंमत तर नव्हे, ती पुस्तकात होतीच. मोजमापातल्या चुका दोन जातींच्या असतात, हे ती शिकली. एक, कधी इकडे कधी तिकडे जाणारी, बोटाच्या उशिरासारखी. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढली की ही कमी होते. दुसरी, नेहमी एकाच बाजूला ओढणारी, चुकीच्या मोजणीसारखी. ही शंभर वेळा मोजलं तरी हलत नाही, तिला शोधूनच काढावं लागतं. पुढे ही मुलगी भौतिकशास्त्राकडे कधी वळली नाही तरी हे तिला लागणारच. एकाच दिवशी दोन पॅथॉलॉजी लॅबमधून साखरेचे दोन वेगळे आकडे आले की कोण खोटं, असा प्रश्न न विचारता किती फरक चालण्याजोगा आहे, असा प्रश्न ती विचारेल.

इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी, कारण प्रयोगशाळेची बाजू घेणारे लोक ती सहसा सांगत नाहीत. ‘प्रयोग केल्याने थिअरी पक्की होते’ हा आपला लाडका युक्तिवाद. नताशा होम्स आणि कार्ल वाइमन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी तो तपासून पाहिला. वाइमन हे २००१ चे नोबेल विजेते. नंतर त्यांनी आपली बरीच ताकद विज्ञान कसं शिकवावं या संशोधनाकडे वळवली. अमेरिकेतल्या काही विद्यापीठ अभ्यासक्रमांत प्रयोगशाळेचा भाग ऐच्छिक होता. त्यामुळे प्रयोग केलेले आणि न केलेले विद्यार्थी एकाच परीक्षेत शेजारी शेजारी बसलेले सापडले. ज्या धड्यांना पक्कं करण्यासाठी प्रयोग नेमले होते, नेमक्या त्याच धड्यांवरच्या प्रश्नांत त्यांनी दोन्ही गटांची तुलना केली. फरक जवळपास शून्य निघाला. हे निष्कर्ष त्यांनी २०१८ मध्ये मांडले.

म्हणजे प्रयोगशाळा बंद कराव्यात? तसं नाही. त्या ज्या प्रकारे चालतात, तो प्रकार बंद करावा. कारण याच दोघांनी डग बॉन यांच्याबरोबर केलेला आणखी एक अभ्यास आहे, २०१५ चा, आणि त्यातही आपला तोच दोलक आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दहा अंशांवरून आणि वीस अंशांवरून सोडलेल्या दोलकाचा काळ मोजायला सांगितलं. पुस्तकाप्रमाणे दोन्ही सारखेच यायला हवेत. एका गटाला नेहमीसारखा प्रयोग दिला. दुसऱ्या गटाला एवढंच जास्तीचं सांगितलं: दोन्ही आकड्यांची तुलना करा, फरक तुमच्या मोजमापात होऊ शकणाऱ्या चुकीएवढाच आहे का पाहा, आणि मग मोजमाप सुधारून पुन्हा करा. सुधारत सुधारत दुसऱ्या गटातली मुलं अशा टप्प्याला पोचली की फरक उरलाच. तो अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा असतो आणि तो खरा असतो. पुस्तकातलं सूत्र हे जवळपासचं सूत्र आहे हे त्यांना त्यांच्या स्वतःच्या रीडिंगांनी सांगितलं. पुढे या गटातली मुलं आपली पद्धत सुधारण्याचा विचार आपणहून मांडण्यात पहिल्या गटाच्या बारा पट पुढे गेली, आणि सूत्राची मर्यादा ओळखून तिचं कारण देण्यात चार पट. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच अभ्यासक्रमातही त्यांची ही सवय टिकून राहिलेली दिसली.

उपकरण तेच, वेळही फारसा जास्त नाही. फरक पडला तो ‘आता काय करायचं’ हे ठरवण्याचं काम मुलांकडे गेल्यामुळे. आपल्याकडे ते काम कृतीच्या पायऱ्यांनी आधीच करून टाकलेलं असतं. आपला प्रयोग म्हणजे ठिपके मांडून, रेषाही फिकट काढून दिलेली रांगोळी. मुलाने फक्त रंग भरायचा आणि तो रेषेबाहेर गेला की बोलणी खायची.

हाताने केल्याचा म्हणून काही वेगळा फायदा असतो का? असतो, पण तो सगळीकडे सारखा नसतो. शिकागो विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सायकलची दोन चाकं एका दांड्यावर बसवली होती. चाकं फिरवायची आणि दांडा हातात धरून तिरका करायचा. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, चाक हातातून निसटून भलतीकडेच जायला बघतं. काहींनी दांडा स्वतः धरला, काहींनी जवळ बसून नुसतं पाहिलं. नंतरच्या चाचणीत धरणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली, आणि प्रश्न सोडवताना त्यांच्या मेंदूतले हालचाल व स्पर्शाशी निगडित भाग जास्त जागे झालेले स्कॅनमध्ये दिसले. बल, दाब, घूर्णन अशा अंगाला जाणवणाऱ्या गोष्टींत हा फायदा मिळतो. लिटमस लाल झाला की निळा, हे स्वतः बुडवलं काय आणि पुढच्या बाकावरून पाहिलं काय, फार फरक पडेल असं मला वाटत नाही. तिथे ‘घरातल्या बारा द्रवांपैकी आम्ल कोणती, आधी अंदाज लिहा’ असा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

आता एक प्रयोग असा घेऊ की जो आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि ज्याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना चुकीचं शिकवलं गेलंय.

ताटलीत पाणी. मध्ये पेटती मेणबत्ती. तिच्यावर काचेचा पेला उपडा. थोड्या वेळात मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढतं. स्पष्टीकरण पाठ असतं: जळण्यात ऑक्सिजन संपला, हवेत ऑक्सिजन साधारण एकपंचमांश, म्हणून पाणी एकपंचमांश चढलं. ऐकायला इतकं नेटकं की शंका यायला जागाच नाही.

पण पेल्याकडे नीट बघत बसा. पाणी चढतं कधी? ऑक्सिजन खर्च होतोय म्हणून चढत असतं तर ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं होतं. प्रत्यक्षात तेव्हा ते जवळपास जागचं हलत नाही. ज्योत मलूल होऊन विझते आणि त्यानंतर पाणी भराभर वर येतं. शिवाय पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर जाताना दिसतात. आता त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. पेल्यातला ऑक्सिजन तेवढाच आहे. पाणी मात्र आधीपेक्षा बरंच जास्त चढतं.

मग खरं कारण काय? ज्योतीने हवा तापते, पसरते आणि तिचा काही भाग बाहेर निसटतो. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, म्हणून परिणाम जास्त. ऑक्सिजन थोडा खर्च होतो हे खरं, पण सगळा संपत नाही. मेणबत्ती त्याच्या खूप आधी विझते. आणि जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफही तयार होते. वाफेचं पाणी होतं, कार्बन डायऑक्साइड पाण्यात सावकाश विरघळतो, म्हणजे हिशोब बराच गुंतागुंतीचा आहे.

तीन मेणबत्त्यांची युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेला तोच, पाणी तेवढंच, मेणबत्त्या त्याच उंचीच्या, बदलली फक्त संख्या. विज्ञानात ज्याला चलांचं नियंत्रण म्हणतात ते एवढंच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे परिणाम कुणाच्या खात्यावर मांडायचा ते कळतं. ही व्याख्या नववीचं मूल धडाधडा म्हणून दाखवील. पण ‘ऑक्सिजन संपला’ हे सरांचं वाक्य खरं की खोटं हे तपासायला तिसरी मेणबत्ती मागणारं मूल दुर्मीळ. ते दुर्मीळ आहे कारण मागितल्यावर ‘तेवढंच कर, जास्त डोकं चालवू नकोस’ हे उत्तर त्याने बहुधा ऐकलेलं असतं.

प्रयोग पायऱ्यांचा कसा झाला, याची गोष्ट आपल्याच देशातली नाही. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने ठरवलं की प्रवेश घेणाऱ्या मुलांनी शाळेत भौतिकशास्त्राचे प्रयोग केलेले असावेत. एडविन हॉल यांनी चाळीस प्रयोगांची यादी तयार केली. विद्युतशास्त्रातला ‘हॉल परिणाम’ त्यांच्याच नावाचा. हेतू उत्तम होता. त्यामुळे शेकडो शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण यादी आली, वही तपासणं आलं, परीक्षा आली, आणि ‘यादीतले चाळीस उरकणे’ हे ध्येय होऊन बसायला फार वर्षं लागली नाहीत. आपल्या जर्नलचे पूर्वज तिथे सापडतात.

महाराष्ट्रात दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र प्रत्येकी सत्तर आणि तीस. हे वीस किंवा तीस गुण बहुतेकांना भरभरून मिळतात हे पालक, शिक्षक, मुलं सगळ्यांना माहीत असतं. जे फुकट मिळतं त्यासाठी कोण घाम गाळेल? आणि ज्या मुलांनी नीट-जेईईची वाट धरली, त्यांच्यासाठी तर प्रयोगशाळा हा अडथळाच. कॉलेज आणि कोचिंग क्लास एकत्र चालवणाऱ्या, ‘इंटिग्रेटेड’ म्हणवणाऱ्या कॉलेजांत बारावीची कित्येक मुलं वर्षभरात दोन-चारदाच ब्युरेट हातात धरतात. जर्नल परीक्षेच्या आठवड्यात लिहिलं जातं.

विज्ञान प्रदर्शनांचंही थोडं असंच झालंय. थर्मोकोलचा ज्वालामुखी, त्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर, वर लाल रंग. फेस येतो, टाळ्या पडतात. तो आम्ल आणि आम्लारीच्या अभिक्रियेचा प्रयोग आहे, ज्वालामुखीशी त्याचा संबंध फक्त आकाराचा. त्याच मुलाने सोडा तेवढाच ठेवून व्हिनेगर वाढवत नेलं असतं आणि फेस कुठे वाढायचा थांबतो ते मोजलं असतं, तर परीक्षकांना ते कंटाळवाणं वाटलं असतं. विज्ञान मात्र त्यात होतं.

हे बदलता येतं का? आपल्या शेजारच्या राज्यात तीस वर्षं बदलून दाखवलं होतं. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा सरकारी माध्यमिक शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचं ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो उभारला. किशोर भारतीचे अनिल सदगोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलं चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करायची. पुस्तकात कृती होती, प्रश्न होते, उत्तरं नव्हती. ती मुलांनी निरीक्षणांवरून आपल्या वहीत लिहायची. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा होती. १९७८ पासून जिल्हाभरच्या माध्यमिक शाळांत कार्यक्रम गेला, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने पुढे तो सांभाळला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

बंद का झाला यावर वाद आहेत. पण तीन दशकं साध्या सरकारी शाळांत, पत्र्याखाली आणि झाडाखाली, शेतकऱ्यांच्या मुलांनी प्रयोग करून विज्ञान शिकलं, यावर वाद नाही. ‘आमच्याकडे सुविधा नाहीत’ म्हणणाऱ्या संस्थाचालकांनी हा इतिहास वाचावा असं मला फार वाटतं.

त्या कार्यक्रमाचं एक फळ मराठी घरांत पोचलेलं आहे. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन होशंगाबादला गेले. तिथे आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार केले. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही, चौकोन लगेच कलंडतो. छपराच्या कैच्या आणि पुलांचे सांगाडे त्रिकोणांचे का असतात ते दोन मिनिटांत हाताला कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम तर याच्याही पुढे गेला: वेल्डिंग, बांधकाम, शेती, रक्तगट तपासणी अशी गावाला लागणारी खरी कामं करता करता मुलांनी विज्ञान शिकायचं.

आता बऱ्याच शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे किट. चांगली गोष्ट आहे. पण उद्घाटनाचा फोटो निघाल्यावर खोलीला कुलूप लागलेलं असेल तर आतला प्रिंटर कितीचा हा प्रश्न गौण ठरतो. मुलांच्या हातून वस्तू मोडतील, हिशोब कोण देणार, ही भीती शिक्षकांना खरोखरच असते आणि ती निराधार नसते. शाळेच्या वस्तूंची नोंद असते त्या डेडस्टॉक रजिस्टरवर सही त्यांचीच असते. फुटलेल्या चंचुपात्रांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम ‘फुटणारच’ म्हणून धरणारी शाळा आणि फुटलं की मुलाकडून वसूल करणारी शाळा, या दोन ठिकाणी मुलं उपकरणाला वेगवेगळा हात लावतात.

कॉम्प्युटरवरच्या आभासी प्रयोगशाळांबद्दलही हल्ली विचारलं जातं. सीडॅक आणि अमृता विद्यापीठाची ‘ओलॅब्ज’ मोफत आहे आणि बरीच उपयोगी आहे. जे प्रयोग धोक्याचे, महागडे किंवा फार सावकाश आहेत, तिथे त्या वापराव्यात. प्रत्यक्ष प्रयोगाच्या आदल्या दिवशी उपकरणाची ओळख करून घ्यायलाही छान. पण पडद्यावरचा दोलक सहसा शहाण्यासारखा वागतो. त्याचा दोरा ओला होऊन लांबत नाही, पंख्याच्या वाऱ्याने तो तिरका फिरायला लागत नाही. आणि आपण वर पाहिलं, शिकण्यासारखं जे होतं ते नेमकं त्या गडबडीत होतं.

शिक्षकांना नवं उपकरण न घेता उद्यापासून करता येतील अशा गोष्टी आहेत. वर्षाला वीस प्रयोग उरकण्याऐवजी पाच-सहा निवडून प्रत्येकाला दोन तासिका द्याव्यात; पहिलीत मोजायचं, दुसरीत सुधारून पुन्हा मोजायचं. सगळ्या टोळ्यांची उत्तरं फळ्यावर एका ओळीत मांडावीत. बारा टोळ्यांचे बारा ‘जी’ फळ्यावर आले की सरासरी आणि विखुरणं हे दोन्ही काही न समजावता दिसतं, आणि वेगळं उत्तर आलेल्या टोळीला लपवायला काही उरत नाही. उलट सगळे तिच्याभोवती जमतात. रसायनशास्त्रात सुरक्षेला मात्र मोकळीक नको. तीव्र आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही, चष्मा लावल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही, आणि सोडियमच्या तुकड्याशी ‘गंमत’ अजिबात नाही. मोकळीक प्रश्नांना द्यायची, बाटल्यांना नाही.

पालकांनी जर्नल पूर्ण झालं का हे विचारण्यापेक्षा या आठवड्यात कुठलं रीडिंग विचित्र आलं हे विचारून बघावं. उत्तर ‘एकही नाही’ असेल तर पालकसभेत बोलायला एक मुद्दा मिळाला.

आणि परीक्षा बदलल्याशिवाय बाकी काही टिकणार नाही, हे होशंगाबादवाल्यांनी पहिल्यापासून ओळखलं होतं. दोलकाचाच प्रश्न घ्या. ‘दोलकाच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढा’ असं विचारलं की ९.८ येणारच. त्याऐवजी एक्स्टर्नलने टेबलावर एक तक्ता ठेवावा: पाच लांब्या, त्यांचे मोजलेले पाच काळ, पाचव्या ओळीत मुद्दाम केलेली मोजणीची चूक. प्रश्न एवढाच की यातलं कोणतं रीडिंग तुम्ही पुन्हा घ्याल, का, आणि समोरच्या दोलकावर ते घेऊन दाखवा. दहा मिनिटं पुरतात. उत्तर मागच्या वर्षीच्या जर्नलात मिळत नाही, आणि दर बॅचला चूक वेगळी ठेवता येते.